सरांची परीक्षा घेऊ नका

ताई,

शाळेत मला गणित शिकवणारे सर सध्या खूप आजारी आहेत. मोटर न्यूरॉनचा आजार आहे, डॉक्टर त्याला एएलएस म्हणतात. हातातली ताकद गेली आहे, बोलणं जड झालं आहे. शाळा सुटल्यापासून बावीस वर्षांत मी त्यांना एकदाही भेटले नव्हते. वर्गातल्या एका मैत्रिणीकडून कळलं आणि गेले. त्यांनी ओळखलं, मी कुठल्या बाकावर बसायचे तेसुद्धा सांगितलं आणि निघताना म्हणाले, "परत ये." तेव्हापासून दर रविवारी जाते.

माझं वय चाळिशीकडे झुकलंय, नोकरीत मन रमत नाही, घरात कुरबुरी चालू असतात. मनात आलं, सरांकडून आयुष्याबद्दल जे शिकता येईल ते शिकून घ्यावं, जपून ठेवावं. मरणाच्या इतक्या जवळ असलेल्या माणसाला आपल्याला न दिसणारं काहीतरी दिसत असणारच. म्हणून प्रश्न लिहून नेते आणि मोबाइलवर रेकॉर्ड करते. भीती वाटते का? कशाचा पश्चात्ताप होतो? पुन्हा जगायला मिळालं तर काय बदलाल? सर बहुतेक वेळा "माहीत नाही" म्हणतात. वर्गात एखाद्या प्रश्नाला अडले की म्हणायचे, "माहीत नाही, उद्या बघून सांगतो." आता त्यातला दुसरा भाग येत नाही. उलट खिडकीबाहेर कोण भांडतंय, माझ्या मुलीचे दात पडायला लागले का, असलंच काहीतरी विचारत बसतात.

मागच्या रविवारी म्हणाले, "तू माझी परीक्षा घ्यायला येतेस का?" आणि एकदम रडायला लागले. मग तितक्याच अचानक हसायला. काकूंनी मला खुणेनं बाहेर बोलावलं, मी तशीच निघून आले. पुन्हा जाऊ की नको? इतकी वर्षं साधी चौकशी न केलेल्या मला तिथे जाऊन बसायचा हक्क तरी आहे का?

ता. क. आतापर्यंतचं रेकॉर्डिंग पुसून टाकू का?

– एक विद्यार्थिनी

---

जा. प्रश्नांची यादी घरी ठेवा, पण जा.

आधी त्या रडण्याचं सांगते, कारण तुमचं सगळं पत्र त्या एका प्रसंगापाशी अडलं आहे. ज्याँ-मार्टिन शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८६९ साली या आजाराचं वर्णन केलं, म्हणजे वैद्यकाला तो काही नवा नाही. स्नायूंना हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या पेशी एकेक करून मरत जातात. हुकूम थांबला की स्नायू झिजतो. हात, पाय, जीभ, गिळणं, शेवटी श्वास. ऐकू येणं, स्पर्श कळणं आणि डोळ्यांची हालचाल मात्र बहुधा शाबूत राहते. याच आजारात बऱ्याच जणांचा हसण्यारडण्यावरचा ताबाही सुटतो. त्याला स्यूडोबल्बर अफेक्ट म्हणतात. एवढ्याशा निमित्तानं रडू फुटतं, आवरता आवरत नाही आणि क्षणात त्याचं हसू होतं. बाहेर जेवढं दिसतं तेवढं आत वाटत असतंच असं नाही. रडणारा माणूस स्वतःही बावचळलेला असतो.

सरांचं रडणं तसलंच होतं असं मी इथे बसून म्हणणार नाही. तुमच्या प्रश्नांनी ते खरोखर दुखावलेही असतील. पण तुम्ही पहिली शक्यता विचारातच घेतलेली नाही आणि सगळं स्वतःच्या माथी घेऊन बसला आहात. काकूंना विचारा, एरवीही असं होतं का. होत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालायला सांगा, त्यावर औषधं आहेत. पुन्हा तुमच्यासमोर झालं तर धावपळ नको, सांत्वनाचं भाषणही नको. बसून राहा, थांबलं की बोलणं होतं तिथून उचला. कुणी तरी न घाबरता समोर बसलंय, याचा अशा वेळी मोठा आधार असतो.

आणि ते परीक्षेचं वाक्य! जन्मभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतलेल्या माणसाला आपलीच विद्यार्थिनी कागद आणि रेकॉर्डर घेऊन समोर बसलेली दिसते. मला तर त्यात निम्मा वैताग आणि निम्मी थट्टा ऐकू आली. तुम्ही सगळा वैतागच ऐकलात.

आता तुमच्या मुख्य समजुतीकडे येते. मरणाऱ्याला काहीतरी दिसत असतं, आणि ते आपल्याला मिळू शकतं. ही समजूत तुम्ही एकट्यानं काढलेली नाही, तिचा इतिहास मोठा आहे. एलिझाबेथ क्युबलर-रॉस नावाच्या मनोविकारतज्ज्ञ १९६५च्या सुमारास शिकागोत होत्या. धर्मशास्त्राचे काही विद्यार्थी त्यांच्याकडे मरणाचा अभ्यास करायचा म्हणून आले, तेव्हा त्यांनी ठरवलं की मरणाऱ्या रुग्णांनाच शिक्षक मानायचं आणि त्यांच्याकडून शिकायचं. एवढ्या मोठ्या रुग्णालयात मरणपंथाला लागलेला रुग्णच नाही, असं सुरुवातीला तिथल्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं म्हणे! प्रत्यक्ष रुग्णांना विचारल्यावर बहुतेक जण राजीखुशीनं बोलायला तयार झाले, कारण तोवर त्यांच्याशी त्या विषयावर कुणी बोलतच नव्हतं. तेव्हा तुम्ही विचारलंत हे काही पाप नाही. फरक एवढाच, की त्या रुग्णांना आधी विचारलं जायचं: बोलायचंय का, आणि कशाबद्दल. तुम्ही सरांना हे एकदाही विचारलेलं मला पत्रात दिसलं नाही. (त्याच बाईंनी १९६९ साली मांडलेल्या दुःखाच्या पाच अवस्था लोकांनी पुढे जिन्याच्या पायऱ्या करून टाकल्या. सर शेवटच्या, 'स्वीकारा'च्या पायरीवर पोचले का, हे तपासत बसू नका. माणसं अशी रांगेनं मरत नाहीत.)

शहाण्या मरणाच्या ज्या गोष्टी आपल्यापर्यंत येतात, त्या बहुतेक मागे राहिलेल्यांनी सांगितलेल्या असतात, हेही ध्यानात घ्या. मरणाऱ्या गुरूची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट सॉक्रेटिसची, इसवी सनापूर्वी ३९९ मधली. शिष्य भोवती बसलेत, आत्म्यावर चर्चा चालली आहे, विषाचा पेला येतो. ही हकिगत आपल्यापर्यंत पोचवणारा प्लेटो स्वतःच लिहून ठेवतो, की त्या दिवशी तो आजारी होता आणि तिथे नव्हता. आणि एवढ्या तत्त्वचर्चेनंतर त्या हकिगतीत सॉक्रेटिसचे शेवटचे शब्द कशाबद्दल आहेत? एका कोंबड्याबद्दल. अमक्या देवाला कोंबडा द्यायचा राहिलाय, विसरू नका. विद्वानांनी त्यातही खोल अर्थ शोधले. असतील. मला मात्र तो देणं लक्षात असलेला माणूस जास्त आवडतो.

मरण जवळ आलं म्हणून माणसाला वेगळी बुद्धी येते, असं मी मानत नाही. तो होता तसाच असतो, फक्त दमलेला. लंडनमध्ये १९६७ साली सेंट क्रिस्टोफर्स हे हॉस्पिस, म्हणजे मरणपंथाला लागलेल्यांची सेवा करणारं रुग्णालय, काढणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर. त्या सांगत आल्या की मरणाऱ्याची वेदना एकपदरी नसते. शरीर दुखतं, मन घाबरतं, घरच्यांची काळजी पोखरते, आणि 'हे सगळं कशासाठी' हा प्रश्न असतो तो वेगळाच. यातलं शरीराचं दुखणं आधी हलकं करावं लागतं. ज्याला रात्री नीट श्वास घेता आला नाही, तीन दिवस पोट साफ झालेलं नाही, नाकावरची माशी हाकलता येत नाही, त्याला तुम्ही रविवारी विचारता, "सर, आयुष्याचं सार काय?" तो "माहीत नाही" म्हणाला तर त्यात नवल ते काय.

शिवाय, हे ऐकायला कठीण आहे पण सांगते, या आजारात बुद्धी पूर्ण शाबूत राहते असं पूर्वी सरसकट सांगत. आता माहीत आहे की जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या विचारात किंवा वागण्यात थोडाफार फरक पडतो. चिडचिड, उदासीनता, शब्द न आठवणं. सरांचं तसं असेलच असं नाही. पण एखाद्या रविवारी ते तुटकपणे वागले, तर त्यात जीवनाचा संदेश शोधू नका आणि अपमानही मानू नका.

तरीही तुम्हाला त्या घरात काही मिळत नाहीये, असं मला वाटत नाही. लॉरा कार्स्टनसेन या स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञांचं काम मी पूर्वीही या सदरात सांगितलं आहे. आपल्यापुढे किती वेळ उरलाय असं माणसाला वाटतं, त्यावर त्याला काय हवंसं वाटतं ते बदलतं. वेळ भरपूर आहे असं वाटतं तेव्हा आपण नवी माहिती, नव्या ओळखी, पुढे उपयोगी पडेल असं काहीबाही गोळा करतो. वेळ थोडा उरला की माणूस मोजक्या जिवाभावाच्या माणसांकडे आणि आत्ताच्या आनंदाकडे वळतो. हे म्हातारपणामुळे होतं असं वाटेल, तर तसं नाही. एचआयव्हीच्या शेवटच्या टप्प्यात असलेल्या तरुण पुरुषांमध्येही हेच दिसलं होतं. आणि वृद्धांना सांगितलं की समजा तुम्हाला वीस वर्षं जादा मिळाली आहेत, तर त्यांची निवड तरुणांसारखी झाली.

आता तुमची रविवारची खोली बघा. गोळा करायच्या नादात तुम्ही आहात, सरांनी तो नाद कधीच सोडला. त्यांना खिडकीबाहेरचं भांडण ऐकायचंय, तुमच्या लेकीचे दात हवेत. तुमच्या यादीतल्या "आता कशाला महत्त्व वाटतं?" छापाच्या प्रश्नांची उत्तरं तुम्ही आल्यापासून ते देत आहेत, तुम्ही ती टाळाटाळ समजून बसलात. पुढच्या वेळी लेकीच्या पडलेल्या दाताची हकिगत पूर्ण सांगा. कुठे पडला, ती रडली का, तो दात तिनं कुठे लपवून ठेवलाय.

आणि ते "माहीत नाही". वर्गभर मुलांसमोर "माहीत नाही" म्हणणारे शिक्षक फार थोडे असतात. तोच माणूस मरणाबद्दल विचारल्यावर तेच म्हणतो. उद्या बघून सांगतो, हे यावेळी म्हणता येत नाही म्हणून म्हणत नाही. खोटं उत्तर द्यायचं नाही, ही त्यांची जुनी खोड आहे, आणि ती अजून सुटलेली नाही. त्यांनी तुमच्या समाधानासाठी दोन गोड वाक्यं फेकली असती तर तुम्ही खूश होऊन घरी गेला असता.

मग जाऊन करायचं काय? माझा सल्ला विचित्र वाटेल. भूमिती घेऊन जा.

खरंच. तुम्हाला न सुटलेलं किंवा विसरलेलं एखादं गणित न्या. अर्धवर्तुळातला कोन काटकोनच का येतो, दोनचं वर्गमूळ अपूर्णांकात का लिहिता येत नाही, काहीही. मात्र अडचण खरी हवी. येत असूनही न आल्याचं सोंग आणलंत तर ते पकडतील, आणि मग परीक्षा तुमची! या माणसाला आता दिवसभर दुसऱ्यांनी उचलायचं, पुसायचं, भरवायचं, कुशीवर वळवायचं. घेणं, घेणं आणि घेणं. कुणाला काही देण्याची एकच जागा उरली आहे, आणि ती तुम्ही आहात. त्यांनी फक्त मान हलवून "पुढची पायरी चुकली" एवढं सांगितलं, तरी त्या तासापुरते ते रुग्ण नसतील. ते नको म्हणाले तर वही मिटा. हट्ट नको.

बोलणं जड झालेल्या माणसाशी बोलायची काही पथ्यं आहेत. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, त्यांना तसं चालतं का ते आधी विचारा. काही जणांना बरं वाटतं, काही जणांना भयंकर राग येतो. कळलं नाही तर कळल्यासारखी मान हलवू नका. "सर, कळलं नाही, पुन्हा सांगा" म्हणा, तुम्ही वर्गात म्हणायचात तसंच. ते थकलेले असतील तर हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा. दिवसाच्या कुठल्या वेळी त्यांना जरा हुशारी असते ते काकूंना ठाऊक असेल, भेट त्या वेळेत आणि आखूड ठेवा. पुढे आवाज गेला तरी अक्षरांचा तक्ता असतो, नजरेनं चालणारी यंत्रं असतात. स्वतःचा आवाज साठवून पुढे यंत्रातून वापरायची सोयही आहे, पण ती बोलणं बरं असतानाच करावी लागते. त्याबद्दल काकूंच्या कानावर घाला आणि मागे सरा. ठरवायचं त्यांनी.

काकूंबद्दल तुमच्या पत्रात एकच ओळ आहे आणि तीही खुणेची. त्या बाई चोवीस तास या आजाराबरोबर राहतात. त्यांनी बाहेर बोलावलं ते तुम्हाला हाकलायला, असं तुम्ही गृहीत धरलंत आणि कारण न विचारता निघालात. कदाचित त्यांना हेच सांगायचं असेल, की घाबरू नकोस, असं होतं. त्यांना म्हणा, रविवारी दोन तास मी बसते, तुम्ही झोपा किंवा बाहेर जाऊन या. त्यासाठी सरांना सावरून कसं बसवायचं, ठसका लागला तर काय करायचं, हे त्यांच्याकडून नीट शिकून घ्या. तुम्हाला काही शिकायचंच होतं ना!

हक्काचं विचारलंत. बावीस वर्षांचा अपराध सरांच्या मांडीवर नेऊन ठेवू नका. तुम्ही रडून माफी मागणार, मग त्यांनी जिवाच्या आकांतानं जीभ वळवून "असू दे" म्हणायचं, हा त्यांच्यावर भार आहे. त्याऐवजी एकदा आभार माना, आणि ते नेमके माना. "तुम्ही माझं आयुष्य घडवलंत" असं मोघम नको. कुठला तास, कुठलं वाक्य, त्याचं पुढे तुमच्या हातून काय झालं, ते सांगा. जमत नसेल तर लिहून न्या आणि वाचून दाखवा. अमित कुमार आणि निकोलस एपली या संशोधकांनी लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली होती, २०१८ साली ते प्रसिद्ध झालं. लिहिणाऱ्यांना वाटत होतं की वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल. वाचणाऱ्यांना त्यांच्या अंदाजापेक्षा बराच जास्त आनंद झाला, आणि अवघडलेपण अंदाजापेक्षा कमी निघालं. फ्रेंच लेखक अल्बेर कामूला १९५७ साली नोबेल मिळालं तेव्हा त्यानं आपल्या प्राथमिक शाळेतल्या मास्तरांना, लुई जर्मेन यांना, आभाराचं पत्र लिहिलं. सव्वादोन वर्षांत, जानेवारी १९६० मध्ये, मोटार अपघातात गेला तो सेहेचाळीस वर्षांचा कामू. मास्तर मागे राहिले. आधी कोण जाणार याचा हिशेब आपण करतो तो असा असतो.

किती रविवार आहेत, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रश्नांच्या गर्दीमागे तीच घाई आहे. पहिली लक्षणं दिसल्यापासून साधारण दोन ते पाच वर्षं असं सांगतात, दहातला एखादा दहा वर्षांपलीकडेही जातो. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली, एकविसाव्या वर्षी हा आजार असल्याचं कळलं आणि ते २०१८ पर्यंत जगले. ते अगदीच अपवाद. म्हणून प्रत्येक भेट शेवटची समजून तिच्यात सगळं कोंबू नका, आणि आभाराचं पत्र मात्र पुढच्या महिन्यावर ढकलू नका. एक दिवस असा येईल की सर काहीच सांगू शकणार नाहीत. तेव्हाही जा, आणि बोलत राहा. मरणासन्न, प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांचा मेंदू आवाजाची दखल घेत असतो, असं कॅनडातल्या एका अभ्यासात २०२० साली दिसलं आहे. आणि "आता येऊ नकोस, मला असं कुणी बघू नये" असं सर स्वतः म्हणाले, तर ऐका. तो त्यांचा अधिकार आहे. तुमचं शिकणं अपुरं राहिलं तरी चालेल.

नोकरीत मन रमत नाही आणि घरात कुरबुरी आहेत, त्याबद्दल वेगळं पत्र लिहा. ती ओझी घेऊन सरांकडे जाऊ नका असं म्हणत नाही. त्यांना सांगा, त्यांना आवडेलसुद्धा. पण उत्तराची वाट बघत बसू नका.

आता ता. क. रेकॉर्डिंग पुसू नका. चोरून केलेलं नाही ना? सरांना दिसत होतं असं मी धरून चालते. हार्वी चोचिनोव्ह या कॅनडाच्या डॉक्टरांनी २००५ साली एक पद्धत मांडली. मरणाऱ्याला हवं ते बोलू द्यायचं, ते उतरवून, नीट करून त्यालाच वाचून दाखवायचं, त्यानं खाडाखोड करायची, आणि मग तो सांगेल त्याच्या हाती ते सोपवायचं. म्हणजे मालक तोच. तुम्हीही तेच करा. सरांना सांगा की तुमचं इतकं बोलणं माझ्याकडे आहे, ऐकायचंय का, काय ठेवू, काय काढू, कुणाला देऊ. ते सगळं पुसायला सांगतील, तर त्यांच्यासमोर पुसा. ठेव म्हणाले तर एक प्रत काकूंना द्या. तुमच्या प्रश्नांना उत्तरं मिळाली नाहीत म्हणून तुम्हाला त्यात काही नसेल. काकूंना त्यातला तो खिडकीबाहेरच्या भांडणाबद्दल विचारणारा आवाज पुढे लागेल. जाण्याआधी त्यांना फोन करा आणि वेळ त्यांना ठरवू द्या.